कंपनीच्या पडद्यावरचे दिवे

माझी वहिनी व्हेस्टा हिच्याबद्दल आमच्या काउंटीत काय काय बोलतात ते मला सगळं ठाऊक आहे. बाई चक्रम आहे, बाई आगाऊ आहे, बाईला दुसरा उद्योग नाही म्हणून विजेच्या तारांना कान लावून बसते. बोलोत बापडे. दिवे गेले की हेच लोक पहिला फोन तिला करतात आणि अगदी मध घोळलेल्या आवाजात विचारतात, "व्हेस्टा, काही कळलं का गं?"

आमच्या स्पाइसवुडच्या खोऱ्यात दुसऱ्यांचे रेडिओ ऐकायचा स्कॅनर नाही असं घर शोधून सापडणार नाही. फ्रिजवर पावाच्या डब्याशेजारी तो बसलेला असतो आणि दिवसभर खरखरतो. त्यात बोलायची सोय नाही, नुसतं ऐकायचं. शेरीफची माणसं, आगीचे बंब, रुग्णवाहिका, सगळ्यांचं बोलणं त्यावर येतं. कोण पिऊन गाडीसकट ओढ्यात गेला, कोणाच्या बायकोने कोणाच्या खिडक्या फोडल्या, हे आम्हाला पेपरात छापून यायच्या आधी माहीत असतं. मीही ऐकते. खोटं कशाला बोलू, मजा येते.

वहिनीच्या स्कॅनरवर मात्र ही मजा कधी नसायची. तिने तो वीज कंपनीवर लावून ठेवलेला. मी चहाला गेले की तिच्या स्वयंपाकघरात कोणीतरी बाप्या सांगत असायचा, "अमुक खांबापाशी आहे, तार जमिनीवर आहे," आणि दुसरा म्हणायचा, "बरं, नोंद केली." एवढंच. तासन्‌तास. आणि वहिनी गोधडीचे तुकडे जोडत असं ऐकायची की जणू त्यात कोणाचं लग्न मोडतंय.

"अगं काय आहे त्यात एवढं?" मी एकदा वैतागून म्हटलं.

"यात ऑर्लिन आहे," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

ऑर्लिन म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा. उभा जन्म कोळशाच्या खाणीत काढला आणि खाणीने निवृत्तीची भेट म्हणून छातीत काळी धूळ भरून दिली. आता तो खिडकीशी पलंगावर बसून असतो, नाकात नळी, आणि पलंगाशेजारी एक यंत्र घरघर करत हवेतून ऑक्सिजन गाळून त्याला देतं. यंत्र विजेवर चालतं. वीज गेली की ऑक्सिजनची लोखंडी नळकांडी आहेत, पण ती किती पुरणार? तर वीज कंपनीच्या तारेला ऑर्लिनचा श्वास बांधलेला आहे. उगाच नाही बाई कान लावून बसली.

सुरुवात झाली ती एका उन्हाळ्यातल्या वादळात. दिवे गेले, वहिनीने कंपनीला फोन केला, तर रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, तासाभरात वीज येईल. वहिनीने विश्वास ठेवला. तास गेला, दुपार गेली, नळकांडं संपलं, आणि ऑर्लिन ओठ निळे पडून धाप टाकत बसला. शेवटी माझ्या नवऱ्याने, बर्लने, त्याला ट्रकमध्ये घालून इस्पितळात नेलं म्हणून वाचला. नंतर कळलं की कंपनीच्या माणसांना दुपारीच पक्कं माहीत होतं की आज काही वीज येत नाही. आपसांत रेडिओवर बोललेही होते. फक्त फोनवरच्या बाईला कोणी सांगितलं नव्हतं.

वहिनीने त्याच आठवड्यात हातात मावेल असा वेगळा स्कॅनर आणला. कंपनी कुठल्या चॅनेलवर बोलते ते तिला कोण सांगणार? बसली बटणं दाबत. एकदा विमानं लागली, एकदा शाळेच्या बस लागल्या, एकदा कोणा कोंबड्यांच्या कारखान्यातलं भांडण लागलं. आणि एके दिवशी कोणीतरी म्हणालं, "शिडी लावतोय, तार मेलेली आहे ना नक्की?" वहिनीने तिथेच बोट थांबवलं.

तेव्हापासून ती माणसं तिची झाली. त्यांची नावं ठाऊक नव्हती, तर हिने ठेवली. एक सतत खाकरायचा, तो खोकलोबा. एक दर वाक्याला हसायचा, त्याला दातपुढ्या. आणि मुख्य केंद्रात बसून सगळ्यांना हुकूम देणारा होता, तो इतका सावकाश आणि गंभीर बोलायचा की प्रत्येक फ्यूज म्हणजे कोणाची तरी मयत. त्याचं नाव पाद्री. पाद्री म्हणाला "सगळं चालू दाखवा" की समजायचं, त्या भागाचं काम संपलं.

आता ऐकून गप्प बसली असती तर ती व्हेस्टा कसली! एकदा नाताळच्या आधी खोकलोबा रेडिओवर म्हणाला, सकाळपासून पोटात काही नाही, आमच्याच रस्त्यावर खांबाला लटकलोय. वहिनीने सुक्या सफरचंदांचा थरांचा केक कापला आणि त्याच्या खांबाखाली जाऊन उभी राहिली. "खोकल्याला काहीतरी घे रे बाबा," म्हणाली. तो वरून पडायचाच बाकी राहिला.

केकची खबर कंपनीच्या कचेरीपर्यंत पोचली आणि तिच्यामागोमाग कचेरीतला एक टायवाला आमच्या खोऱ्यात आला. मी तिथेच होते. ओसरीवर उभा राहून टोपी हातात फिरवत म्हणाला, "मॅडम, ऐकायला आमची हरकत नाही. पण ऐकलेलं चार लोकांना सांगणं कायद्यात बसत नाही. तुम्ही लोकांना वीज कधी येणार ते सांगता. आमच्या फोनवर वेगळी माहिती असते. गोंधळ होतो."

"मग फोनवर खरं सांगा. मी गप्प बसते."

"आमची यंत्रणा जी माहिती देते..."

"तुमची यंत्रणा म्हणाली तासाभरात. माझा नवरा निळा पडला होता."

"त्याबद्दल आम्हाला मनापासून खेद आहे."

"खेद त्याच्या नाकात घालता येत नाही," वहिनी म्हणाली. "केक हवा का? उरलाय."

त्याने केक घेतला नाही. मूर्ख मेला.

मग आला तो फेब्रुवारी. पाऊस पडता पडता गोठला. प्रत्येक फांदीला, प्रत्येक तारेला काचेची साल चढली आणि झाडं कडाकड मोडायला लागली. सगळ्या काउंटीत अंधार. आमचं कोळशाच्या शेगड्यांवर भागतं, बीन्स शिजतात, मक्याचा पाव होतो, त्याचं काही नाही. वहिनीकडे जनरेटर होता, तो दुसऱ्याच दिवशी काळा धूर सोडून कायमचा बसला. मग नळकांडी. एक संपलं, दुसरं संपलं. खोऱ्यातल्या सगळ्यांनी आपापलं डोकं चालवलं, कोणी कुठून एक पैदा केलं, तेही संपत आलं.

इस्पितळात का नाही नेलं, असं शहाणपण मला नंतर बऱ्याच जणांनी शिकवलं. अहो, आदल्या हिवाळ्यात नेलं होतं. तिथून तो अर्धा होऊन परत आला आणि वहिनीचा हात धरून त्याने शब्द घेतला: "परत नाही, व्हेस्टा. मरायचं तर या खिडकीशी." तरी मी चोरून रुग्णवाहिकेला फोन केला. रस्ते बंद आहेत, जमेल तेव्हा येतो म्हणाले.

त्या दिवशी सकाळी मी आणि बर्ल तिच्याकडेच होतो. फोन तेवढा चालू होता. वहिनीने कंपनीला लावला. बऱ्याच वेळाने एक जिवंत मुलगी फोनवर आली. देवाशपथ, कुठल्या राज्यात बसली होती कोण जाणे. वहिनीने फोन असा धरला होता की मलाही ऐकू येत होतं.

"मॅडम, तुमच्या पत्त्यावर वीज सुरू झालेली दिसतेय."

"कुठे दिसतेय?"

"इथे. माझ्या संगणकाच्या पडद्यावर."

"मग तो पडदा घेऊन इकडे ये बाई. त्याच्या उजेडात मला निदान नवऱ्याचं तोंड तरी दिसेल."

"मॅडम, घरातला खटका पडला असेल. एकदा तपासून बघता का?"

वहिनीने फोन खाली ठेवला. आदळला नाही, ठेवला. तिने आदळला असता तर मला कमी भीती वाटली असती.

आणि तेवढ्यात टेबलावरच्या स्कॅनरमधून पाद्री बोलला. "स्पाइसवुड सगळं चालू दाखवा. अलाबामाच्या गाड्या मोकळ्या. घरी जा बाबांनो, सावकाश जा, फार मदत झाली."

अलाबामाची माणसं मदतीला आली होती, कंपनीने त्यांच्या हातात आपले रेडिओ दिले होते. मोठ्या रस्त्यावरची तार त्यांनी जोडली. ती जिवंत झाली की कंपनीचं यंत्र धरून चालतं की तिच्यापुढच्या सगळ्या फाट्यांवर वीज पोचली. आमच्या फाट्यावर पोचली की नाही ते वर येऊन बघायला कोणाला सवड होती? त्यांच्या पडद्यावर आमच्या खोऱ्यातले सगळे दिवे लागले होते. आणि ते जोडू शकणारी आमच्या भागातली शेवटची माणसं घरी निघाली होती.

मी खुर्चीवर बसलेच. वहिनी मात्र उठली. ऑर्लिनचा जाड कोट अंगात घातला, स्कॅनर खिशात टाकला.

"कुठे निघालीस?" ऑर्लिनने विचारलं. तेवढं बोलायलाही त्याला दोनदा थांबावं लागलं.

"कंपनीशी बोलायला."

"त्यात बोलता येत नाही, व्हेस्टा."

"म्हणूनच ट्रॅक्टर नेतेय."

दारात ती बर्लकडे वळली. आमच्याकडे ओसरीच्या खांबाला जेवणाची घंटा असते, शेतातल्या माणसांना हाक मारायला. "नळकांड्याचा काटा लाल पट्टीत गेला की घंटा वाजवायची," ती म्हणाली. "यंत्र सुरू होईपर्यंत थांबायचं नाही." बर्लने मान हलवली. मी तिच्यामागे धावले आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून बसले. एकटीला कशी जाऊ देणार?

आमच्या खोऱ्याच्या तोंडाशी एक अरुंद पूल आहे. एका वेळी एकच गाडी जाते. शहराकडे जायला दुसरा रस्ता नाही. वहिनीने ट्रॅक्टर पुलाच्या मधोमध आडवा घातला, इंजिन बंद केलं आणि स्कॅनर मांडीवर ठेवून बसली.

माणसाला तारांपर्यंत उचलणाऱ्या पाळण्याच्या दोन मोठ्या गाड्या चाकांच्या साखळ्या खडखडवत आल्या आणि थांबल्या. पुढच्या गाडीतून एक उंच माणूस उतरला. दाढीत बर्फ, डोळे झोपेने सुजलेले. टेरेल त्याचं नाव, ते नंतर कळलं.

"बाई, ट्रॅक्टर बंद पडला का?"

"पडला नाही. मी केलाय."

"आम्हाला जायचंय."

"आम्हाला दिवे हवेत. आधी कोणाचं ते तुम्ही ठरवा, मी बसलेय."

त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग खांद्यावरचा रेडिओ तोंडाशी नेला. "कंट्रोल, पुलावर ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टरवर बाई आहे." त्याचा आवाज वहिनीच्या मांडीवरूनही आला. तो दचकला.

"हे आमचं आहे?"

"आवाज तुमचा, रेडिओ माझा," वहिनी म्हणाली.

पाद्रीने विचारलं, "कसली बाई?"

टेरेलने तिला नीट न्याहाळलं. "चिडलेली."

मग पाद्री म्हणाला, "ती केकवाली तर नव्हे? तिच्याकडे स्कॅनर आहे. तिच्याशी काही बोलू नका. स्पाइसवुड माझ्याकडे पूर्ण चालू आहे. शेरीफला कळवतोय."

"हो, मीच ती!" वहिनी मांडीवरच्या डब्याला म्हणाली. "कळव, कळव! येताना त्यांना म्हणावं कंदील घेऊन या!" पाद्रीला ऐकू जाणार नव्हतं हे तिलाही माहीत होतं. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

शेरीफचा माणूस पुलाच्या पलीकडून आला तो डस्टी फ्यूगेट. वहिनी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती तेव्हा हा ताट घेऊन दुसऱ्यांदा रांगेत उभा राहायचा आणि ती न बोलता वाढायची. तोच डस्टी आता कमरेला बंदूक लावून बर्फावरून घसरत घसरत आला.

"व्हेस्टाकाकू, काय हे! काढा ना ट्रॅक्टर. हात जोडतो."

"जोडू नकोस, थंडीत गारठतील. नाही काढणार."

"रस्ता अडवल्याचा गुन्हा होतो. आणि..." त्याची नजर तिच्या मांडीवर गेली. तो कसनुसा झाला. आमच्या राज्यात घरात स्कॅनर कितीही ऐका, पण गाडीत ठेवला की गुन्हा. "काकू, तो खिशात घाला. मी पाहिला नाही असं समजतो."

"का म्हणून? पाहिलास तर पाहिलास. लिही."

"अहो काकू, मी तुम्हाला वाचवायला बघतोय."

"मला नको वाचवू. उद्या कंपनी म्हणेल, या बाईला काय माहीत आम्ही निघून चाललो होतो, हिने मनाने रचलं. मी ऐकलं म्हणून आले. या डब्यात ऐकलं. दोन्ही गुन्हे लिही, एकही गाळू नकोस."

आणि तेव्हा वरून घंटा वाजली.

गोठलेल्या खोऱ्यात दुसरा आवाज नव्हता. टण, टण, टण. बर्ल जीव खाऊन दोरी ओढत असणार. मला वाटलं आता ही उडी मारून घराकडे पळेल. मी तर अर्धी उतरलेच होते. पण तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं की हातमोज्यांतूनही तिची बोटं आवळलेली दिसत होती.

"ती काय आहे?" टेरेलने विचारलं.

"माझा नवरा आहे," वहिनी म्हणाली. "त्याचा ऑक्सिजन संपला. यंत्र आहे, वीज नाही. तुमच्या पडद्यावर आहे, माझ्या घरात नाही. मी घरी जाऊन त्याचा हात धरून बसू शकते. मग तुम्ही निघून जाल. म्हणून इथे बसलेय."

टेरेलने पुलाकडे पाठ केली आणि डस्टीला अगदी साधेपणाने विचारलं, "साहेब, पुढे रस्ता बंद आहे. मला गाडी वळवावी लागेल. एवढी मोठी गाडी इथे कुठे वळते?"

डस्टीने एकदा पुलाकडे पाहिलं, एकदा वर डोंगराकडे. आमच्या रस्त्यावर मोठी गाडी कुठे वळते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"चर्चच्या अंगणात," तो म्हणाला. "खोऱ्यात आत. दुसरीकडे कुठेच नाही."

"तुमच्या घराचा फाटा कुठल्या खांबावरून निघतो, बाई?"

"त्याच चर्चच्या मागून," वहिनी म्हणाली.

टेरेल पळतच गाडीत चढला. आम्ही तिघं पुलावर राहिलो, मी, वहिनी आणि डस्टी, आणि मांडीवरचा तो काळा डबा. वर घंटा चालूच होती. इतकी वर्षं मी या डब्याला नावं ठेवली, त्या दिवशी मी त्याच्यावर अशी वाकले होते की वहिनीला मला ढकलावं लागलं.

"कंट्रोल," टेरेलचा आवाज आला. "मी गाडी वळवतोय, चर्चच्या अंगणात. मान वर केली तर खांबावर फ्यूज उघडा लोंबतोय. फांदी पडून उडालाय, तार शाबूत आहे."

"स्पाइसवुड माझ्याकडे चालू दिसतंय," पाद्री म्हणाला.

"तुमच्याकडे दिसतंय. माझ्याकडे लोंबतंय. नवीन बसवायला परवानगी द्या."

"तुम्ही मोकळे झालेले आहात. असं मधेच... थांबा. वर विचारतो."

"अरे विचारतोस काय, मुडद्या!" मी ओरडले. वहिनी ओरडली नाही. तिने डोळे मिटले होते.

परवानगीशिवाय तारेला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. चांगला नियम आहे, त्याने माणसं जगतात. पण त्या घटकेला मला त्या नियमाचा गळा दाबावासा वाटत होता.

मग टेरेल म्हणाला, "कंट्रोल, इथे घंटा वाजतेय. ऐका."

आणि त्याने बहुतेक रेडिओ हवेत उंच धरला. कारण एकदम ती घंटा आम्हाला दोनदा ऐकू यायला लागली, एकदा डोंगरावरून आणि एकदा वहिनीच्या मांडीवरून. टण, टण, टण. आमच्या ओसरीची घंटा कंपनीच्या कानात वाजत होती. काउंटीभरच्या सगळ्या गाड्यांत, खोकलोबाच्या, दातपुढ्याच्या, सगळ्यांच्या.

"कसली घंटा आहे ती?" पाद्रीने विचारलं.

"एक माणूस गुदमरतोय, त्याची. तुमच्या पडद्यावर तो बरा आहे."

खरखर. नुसती खरखर. आणि मग पाद्री बोलला, पण तो मयतीचा आवाज नव्हता, साध्या घाबरलेल्या माणसाचा होता. "बसव. बसव तो फ्यूज. वरच्यांचं मी बघतो. लवकर बसव रे."

आम्ही वाट पाहिली. डस्टीने टोपी काढली होती, का ते त्याचं त्यालाच माहीत. चर्चच्या बाजूने फ्यूज बसल्याचा, बंदुकीसारखा एक आवाज आला.

आणि घंटा थांबली.

यंत्र सुरू होईपर्यंत थांबू नकोस असं तिने बर्लला सांगितलं होतं. पण माणूस घंटा आणखी एका कारणानेही थांबवतो, ते आमच्या तिघांच्याही मनात आलं. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. डस्टी ट्रॅक्टर काढायला पुढे झाला, तर वहिनीने त्याचा हात झटकला. "माझा आहे," म्हणाली, आणि स्वतः काढला. त्या चढावर मी देवाचं नाव घेतलं नाही, तोंडच उघडेना.

भर दुपारी ओसरीचा दिवा जळत होता. आत यंत्र घरघरत होतं. ऑर्लिन उशीला टेकून बसला होता, राखेच्या रंगाचा, पण बसला होता. बर्ल त्याच्याजवळ जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडत होता.

ऑर्लिनने वहिनीच्या बुटांवरचा बर्फ पाहिला. "माझ्या ट्रॅक्टरचा... क्लच जाळलास ना?"

"जाळला," वहिनी म्हणाली, आणि तिथेच, कोट आणि बूट अंगावर असतानाच, पलंगाच्या पायाशी बसली आणि हुंदके देऊन रडली. मी तिला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

डस्टीने दोन्ही गुन्हे लिहिले. तिने लिहवून घेतले म्हणा ना. कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "रस्ता अडवलात?" "हो." "वाहनात स्कॅनर होता?" "हो." "पुन्हा असं करणार नाही ना?" सगळं कोर्ट तिच्या तोंडाकडे बघत होतं. अर्धं खोरं तिथे आलेलं, टायवालाही मागे बसलेला.

"वाहनात नेणार नाही, साहेब," वहिनी म्हणाली. "पुढच्या वेळी हातात घेऊन चालत जाईन."

न्यायाधीशांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग समज देऊन सोडलं आणि जप्त केलेला स्कॅनरही परत दिला. टायवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी मुद्दाम वळून बघितला.

पुढच्या पानगळीत ऑर्लिन गेला. खिडकीशी, स्वतःच्या पलंगावर, नाकात नळी आणि यंत्र चालू. तिने दिलेला शब्द पाळला. यंत्र न्यायला माणूस आला त्या दिवशी मी तिच्याकडे होते. ते गेल्यावर घर इतकं शांत झालं की मला बसवेना. मला वाटलं, आता ही तो डबाही बंद करून फडताळात टाकेल. कोणासाठी ऐकायचं आता?

तिने बीन्सखालची आच कमी केली आणि स्कॅनरचा आवाज वाढवला.

"वहिनी, राहू दे ना आज," मी म्हटलं.

"का? या खोऱ्यात तो एकटाच श्वास घेत होता का?" ती फाडकन म्हणाली. आणि कंदील जवळ घेऊन गोधडी पुढ्यात ओढली.

बाहेर वारा सुटला होता, दुपारपासून दिवे मिणमिणत होते आणि संध्याकाळी गेलेच होते. रेडिओवर कोणीतरी नवा पोरगा बोलत होता. "कंट्रोल, मोठ्या रस्त्याची तार जोडली. स्पाइसवुड सगळं चालू दाखवू का?"

"नको," पाद्री म्हणाला. तोच तो, सावकाश, मयतीचा आवाज. "आधी कोणीतरी वर जाऊन डोळ्यांनी बघून या. घराघरांत दिवे दिसले पाहिजेत. ती बाई ऐकत असेल."

वहिनीने दाताने दोरा तोडला.

"ऐकतेय," ती म्हणाली.